न्यू जर्सीपुरते वेगळे

जर्नल स्क्वेअरच्या स्टेशनाबाहेर पाऊस असा तिरपा पडत होता, की छत्री नेमकी कुठल्या बाजूला धरावी हेच उपासनाला कळेना. एका खांद्यावर पिशवी, पिशवीत पोळपाट-लाटणं, दुसऱ्या हातात छत्री आणि अंगावर निळ्या काठांची पांढरीशुभ्र साडी. साडीखाली मात्र धावायचे बूट. एप्रिलमधल्या जर्सी सिटीत नाजूक चपला घालून निघणारी माणसं एक तर नवीन असतात नाहीतर हट्टी, आणि उपासना नवीन तरी नक्कीच नव्हती.

कोपऱ्यावर वाऱ्याने गाठलंच. छत्री उलटी झाली, ती सावरायला हात वर केला तशी पिशवी खांद्यावरून घसरली, आणि पोळपाट फुटपाथवर पडून गडगडत निघाला. थेट रस्त्याच्या दिशेने... आणि एका माणसाच्या बुटाला अडून थांबला.

तो माणूस खाली वाकला. त्याने पोळपाट उचलला, जॅकेटच्या बाहीने दोन्ही बाजूंनी पुसला आणि मग वर पाहिलं. ओले केस, पाठीवर सॅक, चष्म्यावर पावसाचे थेंब. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. तिचंही बहुधा तसंच झालं असावं.

एरवी अशा भेटीत यानंतर नाव विचारायची वेळ येते. उपासनाला त्याची गरज नव्हती. त्या माणसाचं नाव राकेश मेश्राम होतं आणि तो तिचा नवरा होता.

"तू?" ती म्हणाली.

"मी... हो. भानुदास काका म्हणाले, स्वतः समोर येऊन बसलास तरच टॅक्सचं रिटर्न करून देईन. फोनवर नाही."

"मलाही तेच म्हणाले."

"अच्छा."

"आणि प्लेनोहून निघताना मला कळवावंसं नाही वाटलं?"

"मेसेज टाइप केला होता... एअरपोर्टवरून. मग म्हटलं शनिवार आहे, पहाटेची वेळ, तुझी झोप मोडेल." तो चष्मा पुसू लागला. "उगाच तुला त्रास नको."

त्रास नको! हे दोन शब्द उपासनाला इतके पाठ झाले होते, की तो बोलायच्या आधीच तिला ते ऐकू येत. तिने मोडकी छत्री मिटली. त्याने आपली उघडली आणि तिच्या डोक्यावर धरली. पोळपाट त्याने काखेत घेतला होता. दोघं एकाच छत्रीखाली, पण मधून तिसरं माणूस सहज जाईल इतकं अंतर ठेवून चालू लागले. त्यामुळे त्याचा डावा खांदा आणि तिचा उजवा खांदा अगदी सारखेच भिजत होते.

"साडीवर बूट?" थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला.

"बूट दिसले तुला. बाकी काही नाही दिसलं."

"दिसलं ना." तो समोर बघत म्हणाला. "तेच बघायला नको म्हणून बूट बघतोय."

उपासनाने मान दुसरीकडे वळवली. हसू आलं होतं, आणि ते त्याला दाखवायची तिची मुळीच तयारी नव्हती.

"परत कधी जायचंय?"

"आज संध्याकाळी."

हसू आलं तसं गेलंही. म्हणजे घरी यायचा त्याचा विचारही नव्हता. ज्या घराची एक किल्ली अजून त्याच्याकडे होती, त्या घरी.

या दोघांचं भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडण मिटवता तरी येतं. यांचं काहीच झालं नव्हतं. नागपुरात लग्न झालं आणि उपासना त्याच्यामागे इथे आली, ती त्याची बायको म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर. त्या व्हिसावर तिला काम करायची परवानगी नव्हती. स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. झालेली मुलगी तीन वर्षं चौदाव्या मजल्यावरच्या खिडकीत उभी राहून मॅनहॅटनला कामाला जाणाऱ्या लोकांच्या गाड्या बघत राहिली. मग तिला स्वतःचा व्हिसा मिळाला. नव्या औषधांच्या चाचण्या करणाऱ्या एका कंपनीत नोकरी मिळाली, आणि पहिल्या दिवशी गळ्यात ओळखपत्र अडकवून ती आरशासमोर इतका वेळ उभी राहिली, की गाडी चुकली. पुढे राकेशची नोकरी गेली. व्हिसावरच्या माणसाला दुसरी शोधायला साठ दिवस मिळतात. त्या साठ दिवसांत जी मिळाली ती टेक्सासमध्ये, प्लेनोला.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी त्याची बॅग भरताना उपासना वाट बघत होती, की हा म्हणेल, चल. नुसतं एवढंच. मग ती काय म्हणाली असती ते तिलाही ठाऊक नव्हतं. पण तो म्हणाला, "तू इथेच राहा. तुला त्रास नको." आणि ती म्हणाली, "बरं."

तेव्हापासून आता दुसरा एप्रिल आला होता. आधी रोज फोन, मग दोन दिवसांनी, मग आठवड्याने. जेवलास? जेवलो. थंडी आहे? आहे. दिवाळीत तो दोन दिवस आला तेव्हा दोघं इतकं सांभाळून वागले, की पाहुणेसुद्धा इतकं वागत नाहीत. फेब्रुवारीत शेवटी न राहवून तिने मेसेज टाकला, "यंदा स्टेटचा टॅक्स वेगवेगळा भरू या का?" टॅक्सची तिला काडीचीही पर्वा नव्हती. तिला तो "नको" म्हणायला हवा होता. वेगळं कशाला, असं त्याने रागावून विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं. एक पिवळा अंगठा.

त्या अंगठ्याने तिचा उरलेला फेब्रुवारी आणि अख्खा मार्च नासवला होता. असल्या गोष्टी अशाच सुरू होतात, ती स्वतःला सांगत असे. आधी टॅक्स वेगळा, मग बाकी सगळं.

जयंतीचा हॉल म्हणजे एका शाळेची जेवणाची खोली होती. जयंती चौदा एप्रिलची आणि टॅक्सची शेवटची तारीख पंधरा एप्रिल, त्यामुळे जवळच्या शनिवारी कार्यक्रम ठेवला, की इथल्या मंडळाची दोन्ही कामं उरकत. एका बाजूला टेबलावर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, फुलं, मेणबत्त्या, वर निळ्या पताका. दुसऱ्या कोपऱ्यात बास्केटबॉलच्या जाळीखाली भानुदास काका लॅपटॉप आणि छोटा प्रिंटर मांडून बसलेले. काका निवृत्त अकाउंटंट. मंडळातल्या लोकांचे रिटर्न ते फुकट करत, म्हणजे डॉलर घेत नसत. त्यांची फी ठरलेली होती. एका रिटर्नला एक परात कणीक. स्वयंपाकघरात जायचं आणि जयंतीच्या जेवणासाठी तेवढ्या कणकेच्या पुऱ्या लाटून द्यायच्या. बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या माणसांनीही काकांच्या परातीपुढे बाह्या सरसावल्या होत्या.

"जय भीम, काका."

"जय भीम. अरे वा, दोघं एकत्र आलात!"

"रस्त्यात भेट झाली," उपासना म्हणाली. काकांनी चष्म्यावरून दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि खुर्च्या पुढे सरकवल्या.

"फेडरलला, म्हणजे केंद्राच्या टॅक्सला, तुम्ही जॉइंट. तिथे नवरा-बायको, विषय संपला. आता राहिलं न्यू जर्सी. एक जण वर्षभर इथला आणि दुसरा वर्षभर बाहेरचा असेल, तर इथल्याने एकट्याने भरलं तरी चालतं." काकांनी हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले. "पण बाहेरचा म्हणजे नुसता कामासाठी गेलेला नाही हां, बेटा. म्हणून मी फोनवर करत नाही. सांग राकेश, प्लेनोला तुझं घर आहे, का नुसता मुक्काम आहे? इथे परत यायचा तुझा विचार आहे का?"

पलीकडे कुणीतरी माइक तपासत होतं. हॅलो, हॅलो, एक, दोन. उपासनाने टेबलाची कड धरली. हाच प्रश्न. हाच एवढा प्रश्न तिच्या ओठांपर्यंत येऊन कितीदा परत गेला होता. आणि काकांनी तो असा विचारला, की जणू पत्ताच विचारतायत.

राकेशने काकांकडे पाहिलं नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं. परत येणार म्हण, ती मनात म्हणाली. खोटं असलं तरी म्हण.

"नाही, काका," तो म्हणाला. "ग्रीन कार्डची प्रोसेस तिथल्या कंपनीने सुरू केलीय. आता सोडलं तर पुन्हा पहिल्यापासून. मी... आता तिथलाच."

काकांनी मागितलं म्हणून त्याने टेक्सासचं लायसन्स काढून टेबलावर ठेवलं. त्यावरच्या फोटोत त्याने एक हिरवा शर्ट घातला होता. उपासनाने तो शर्ट कधीच पाहिला नव्हता. तिच्या नवऱ्याने एके दिवशी दुकानात जाऊन एक शर्ट निवडला होता, आणि तो चांगला दिसतो का हे सांगायला तिथे कुणी नव्हतं. बाकी सगळं तिने सोसलं असतं, पण तो हिरवा शर्ट तिला सोसवेना.

"खरं सांगितलंस, बरं झालं," काका म्हणाले. त्यांनी टाइप केलं, प्रिंटर घरघरला. "झालं मग. तुम्ही न्यू जर्सीपुरते वेगळे. सही कर, उपासना." तिने केली. काकांनी कागद फाइलीत सरकवला. "आणि स्टेट वेगळं म्हणजे फी डबल. दोन पराती. कांताकडे जा."

कांता काकूंनी स्वयंपाकघरात दोन पराती पुढ्यात सरकवल्या आणि मग शोधाशोध केली, तर पोळपाट एकच मोकळा. उपासनाने आणलेला. "एकाने गोळे करा, एकाने लाटा," काकू म्हणाल्या आणि कढईकडे वळल्या. काकूंचा उरक मोठा होता. तेल तापलेलं, बाहेर त्रिशरण सुरू झालेलं, आणि हे दोघं एका ओट्यापुढे कोपराला कोपर लावून उभे.

तो गोळे करत होता, लहानमोठे, नेहमीसारखे. ती लाटत होती. पुरी पातळ होऊन फाटली, तरी ती लाटतच राहिली.

"फाटली ती," तो म्हणाला.

"काकांनी विचारल्यावर सांगता येतं. मला सांगता आलं नसतं?"

"तू विचारलं नाहीस."

"तू तरी कुठे विचारलंस?"

"काय?"

"मला! प्लेनोला येतेस का म्हणून! एकदा... एकदा तरी, राकेश!"

काकूंनी कढईतला झारा जरा जोरात वाजवला. ऐकू येत नाहीये, असं कळवायची ती त्यांची रीत.

राकेशने हातातला गोळा परातीत ठेवला. "तुला सांगायचं नव्हतं मला हे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तुझा व्हिसा यायच्या आधीची गोष्ट. एकदा मी ऑफिसातून लवकर आलो होतो. तू पलंगावर बसून टॉवेलच्या घड्या करत होतीस. सगळ्या करून झाल्या. मग तू त्या उलगडल्यास... आणि पुन्हा करायला लागलीस. मी दारात उभा होतो, तुला कळलंसुद्धा नाही. तसाच खाली गेलो आणि नेहमीच्या वेळेला वर आलो. त्या दिवशी ठरवलं, ही माझ्यासाठी पुन्हा कुठेही येणार नाही. मी विचारणारच नाही हिला. कारण विचारलं असतं तर तू आली असतीस."

उपासना लाटणं धरून तशीच उभी राहिली. तो दिवस तिला आठवत नव्हता, कारण तसे दिवस पुष्कळ होते. तिला वाटत होतं, ते कुणीच पाहिले नाहीत. आणि हा माणूस एवढी वर्षं ते एकटाच मनात घेऊन फिरत होता. तिला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि त्याच वेळी लाटण्याने एक रट्टा द्यावासाही वाटला.

"आले असते," ती म्हणाली. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "रडत आले असते."

"तेच म्हणतोय मी."

"तेच काय तेच? माझं 'नाही' तूच परस्पर म्हणून टाकलंस! ते माझं होतं. मला शिकू तरी द्यायचंस ते. आणि मी इथे बसून समजत राहिले, की... की मी नकोच झालेय तुला."

"नको?" त्याचा आवाज फाटला. "अगं, अजून मी रात्री दूध दोन कप तापवतो. एक ओतून देतो."

"मग तो अंगठा कशाला पाठवलास, माणसा?"

"मला वाटलं तुलाच वेगळं व्हायचंय. रात्रभर लिहीत बसलो होतो. 'नको' लिहिलं तर तुझ्यावर जबरदस्ती. 'बरं' लिहिलं तर खोटं. मग काहीच सुचेना, यार... म्हणून..."

"म्हणून अंगठा."

"हो."

ती हसली. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि हात कणकेचे, त्यामुळे पुसताही येईना. त्याने आपल्या मनगटाच्या मागच्या बाजूने तिचा गाल पुसला, हळूच, एकीकडचा आणि मग दुसरीकडचा. नाकाला पीठ लागलं ते लागलंच.

"कणकेत मीठ घातलंय गं मी," काकू कढईकडे तोंड करूनच म्हणाल्या. "आणखी नको घालू."

उपासनाने एक लांब श्वास घेतला. "आता विचार."

"इथे?"

"इथेच."

"काकू आहेत."

"काकूंना ऐकू येत नाहीये."

राकेशने हात पँटला पुसले. काळ्या पँटवर दोन पांढरे पंजे उमटले. ताठ उभा राहिला, जसा लग्नात पंचशील म्हणताना उभा होता. "उपासना," तो म्हणाला, "प्लेनोला येशील?"

किती साधे शब्द होते. तिने ते नीट ऐकून घेतले. चौदाव्या मजल्यावरच्या त्या रिकाम्या घरात किती संध्याकाळी तिने ते त्याच्या आवाजात ऐकायचा प्रयत्न केला होता. ते आता खरोखर आले होते आणि त्यांना उत्तर द्यायचं होतं. तिच्या डोळ्यांपुढे तिचं टेबल आलं. गेली दोन वर्षं ती ज्या औषधाच्या चाचणीचे आकडे बघत होती, ते मुलांच्या किडनीच्या आजाराचं औषध होतं. निकाल अजून यायचे होते. ते सोडून तिला जायचं नव्हतं. तिला खरंच जायचं नव्हतं, आणि याचं उत्तर रडून द्यायची तिला गरजही वाटली नाही.

"नाही," ती म्हणाली.

म्हणून झाल्यावर मात्र तिने चटकन त्याच्याकडे पाहिलं. बोलून बसले, आता? पण राकेशच्या चेहऱ्यावर दुसरंच काही होतं. तो चक्क हसला. इतक्या दिवसांत तिने ते हसू पाहिलं नव्हतं.

"थँक यू," तो म्हणाला.

"कशाबद्दल? नाही म्हटलंय मी."

"म्हणूनच. तुला नाही म्हणता येतं! मी उगाच घाबरत होतो." त्याने गोळा उचलला आणि तिच्या पुढ्यात ठेवला. या खेपेला तो अगदी गोल होता. "म्हणजे मी उद्या पुन्हा विचारू शकतो."

"विचार की. रोज विचार."

"रोज?"

"मी पण विचारीन. तू येशील का जर्सीला?"

"नाही," तो लगेच म्हणाला, आणि मग अडखळत, "म्हणजे... पुढच्या शुक्रवारी येईन. राहायला. घरी."

"हिरवा शर्ट आण. बघायचाय मला."

दोन्ही पराती संपल्या तेव्हा बाहेर भाषणं संपून पंगती बसत होत्या. त्या दिवशीच्या पुऱ्यांत काही फुगल्या, काही चपट्या राहिल्या, आणि काही इतक्या वेड्यावाकड्या होत्या, की काकूंनी त्या गुपचूप काकांच्याच ताटात वाढल्या.

संध्याकाळी पाऊस बारीक झाला होता. जर्नल स्क्वेअरच्या फलाटावर न्यूअर्ककडे जाणारी गाडी लागली तेव्हा राकेशने पोळपाट तिच्या हातात दिला. काही क्षण त्याची दुसरी बाजू त्याच्याही हातात राहिली. "येशील?" त्याने विचारलं. "नाही," ती म्हणाली. दार मिटलं. काचेपलीकडे तो पँटवरचे पांढरे पंजे झटकत उभा होता. गाडी हलली. प्रेम असलं म्हणून माणूस जातो तेव्हा कमी दुखत नाही, उलट जास्तच दुखतं, हे तिला त्या फलाटावर लख्ख कळलं.

ती जिना चढून वर आली तेव्हा फोन वाजला. मेसेज होता. "गाडी थांबलीय मध्येच. येशील?"

उपासनाचं बोट उत्तराकडे गेलं. खाली सवयीने तो पिवळा अंगठा आलाच. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि सरळ फोनच लावला.

"अजून नाही," तो उचलताच ती म्हणाली.

मग अगदी जपून त्याने विचारलं, "अजून...?"

"ऐकलंस ना? आता उद्या विचार. आणि परवा. चाचणीचा निकाल लागेपर्यंत विचारत राहा."

"रोज रोज विचारलं तर तुला त्रास—"

"होऊ दे." तिचा आवाज भरून आला आणि तिने तो भरू दिला. रस्त्यावरून जाणारं कुणी वळून बघतंय का, याचीही तिला फिकीर उरली नव्हती. "दीड वर्ष झालं, तू मला कसलाच त्रास दिला नाहीस. मला त्रास दे, राकेश."

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. आवाज तुटत होता, तरी त्याचं एकच उत्तर तिला नीट ऐकू आलं.

"बरं."

तिने पोळपाट छातीशी धरला आणि बारीक पावसातून, न पळता, घराकडे निघाली.